दापोलीकडच्या घरावर 3 किलोवॅट सोलर, एक अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. सिस्टीमला पाचपैकी चार, बसवणाऱ्या माणसाला साडेचार, आणि सोलर विकणाऱ्या एकूण जमातीला दोन, तेही आज मूड बरा आहे म्हणून. बसवणाऱ्याचं नाव टाकत नाही, छोटा माणूस आहे, दापोली-मंडणगड सोडून कुठे जातच नाही, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांना तो मिळणार नाही. उपयोगाचं आहे ते त्याला निवडताना काय बघितलं ते. तेच लिहितो, लांबलंय, चहा घेऊन बसा.

घर दापोलीपासून आत, समुद्र दिसत नाही पण खारा वारा येतो, लोखंडी गेट दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं त्यावरून समजा. पुढची पडवी आणि माजघर कौलारू, मागच्या बाजूला नवीन दोन खोल्या स्लॅबच्या, आणि स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड, कोकणात हे सगळ्यांचंच. आईबाबा कायम तिथे, आम्ही पुण्याहून येऊन जाऊन, मे महिन्यात आणि गणपतीत घर भरलेलं. विहिरीवर पंप, दोन फ्रीज, एका खोलीत एसी. बिल एरवी सव्वादोनशे-अडीचशे युनिट, मे महिन्यात चारशेच्या वर.

पहिली गोष्ट म्हणजे किती किलोवॅट घ्यायचं हे सेल्समनला विचारू नका, वीजबिलाला विचारा. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची बेरीज मारा. आमची साधारण 3200 युनिट आली. 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो असं सगळे सांगतात, देशावर ते बरोबरही असेल, पण कोकणात चार महिने आभाळ खाली आलेलं असतं, त्यामुळे आपल्याकडे थोडं कमीच धरायचं. 2 किलोवॅट कमी पडत होतं, 3 मध्ये थोडं उरत होतं, उरेल त्यावर इंडक्शन शेगडी चालवू म्हटलं. एकजण 5 किलोवॅटवर अडून बसला होता, "साहेब पुढे इलेक्ट्रिक गाडी घेणार ना". गाडी घेईन तेव्हा बघू की.

आणि सगळीकडे 3 किलोवॅटच का विकलं जातं त्याचं कारण साधं आहे. घरावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे 78,000 रुपये, आणि त्याच्यापुढे चौथा, पाचवा, दहावा कितवाही लावा, सबसिडी तेवढीच. म्हणून 5 किलोवॅट घेणाऱ्याने वरच्या दोन किलोवॅटचा हिशोब वेगळा मांडून बघावा, तो पूर्ण स्वतःच्या खिशातला असतो. ज्यांचं बिल महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी तर घाईच करू नये. शेजारचे काका सत्तर युनिटवाले, एकटे राहतात, त्यांनाही कोणीतरी 3 किलोवॅट गळ्यात मारत होतं. शंभरच्या पुढे गेलं की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, सोलरची खरी कमाई ती वरची महागडी युनिटं वाचवण्यात आहे, ज्याची ती नाहीतच त्याचे पैसे सुटायला जन्म जाईल.

कागदपत्रांचं एक सांगतो कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस तिथे गेले, पत्र्यावर नाही. मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं होऊन गेली, बिल अजून त्यांच्याच नावाने येतंय आणि कोणाचं काही अडत नाही. पण सबसिडी ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात येते, त्यामुळे आधी नाव बदलावं लागतं, त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, आणि घर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती. मुंबईच्या काकांची सही, बडोद्याच्या आत्याची सही, आत्याने फोनवर दीड तास विचारलं की बाबारे सोलरच्या नावाखाली घर तर नावावर करून घेत नाहीस ना. तर कोकणातल्या मंडळींनी सोलरवाल्याला फोन करायच्या आधी हे उरकून घ्या.

आता कोटेशन. एकाच 3 किलोवॅटची कोटेशनं पावणेदोन लाखांपासून दोन चाळीसपर्यंत आली, सगळ्यांत पॅनल नावाजलेली, वारी, टाटा, अदानी, विक्रम वगैरे. आणि प्रत्येकजण पंधरा मिनिटं पॅनलवरच बोलतो. माझं मत विचाराल तर पॅनलवर एवढा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. सबसिडी हवी असेल तर डीसीआर पॅनलच लागतात, म्हणजे पॅनलबरोबर आतला सेलही भारतात बनलेला, आणि ती सरकारी यादीतल्या कंपन्यांचीच घ्यावी लागतात, त्यामुळे फार फालतू माल त्यात शिरतच नाही. मोनो पर्क घ्या नाहीतर टॉपकॉन घ्या, हे पॅनलमधल्या सेलचे दोन प्रकार. टॉपकॉन उन्हात तापल्यावर थोडी कमी वीज गमावतं, मोनो पर्क दर अंशाला साधारण 0.35 टक्के आणि टॉपकॉन 0.30 च्या आसपास, फरक आहे पण त्यासाठी पंचवीस हजार जास्त मोजावेत असा नाही. आम्ही 540 वॅटची सहा मोनो पॅनल घेतली, विषय संपला. एवढं मात्र करा, कोटेशनवर "डीसीआर" लिहून घ्या आणि माल आल्यावर पॅनलच्या मागचे सिरीयल नंबर स्वतः मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि "सबसिडी वजा करून एवढेच द्या" म्हणणाऱ्याला नीट विचारा, कारण सबसिडी तुमच्या खात्यात येते, त्याच्या नाही.

खरा फरक पडतो पॅनलच्या खाली. स्वस्त कोटेशन आणि महाग कोटेशन यातले सगळे पैसे स्ट्रक्चर, केबल, नटबोल्ट आणि अर्थिंगमध्ये लपलेले असतात आणि कोटेशनवर ते सगळं मिळून एका ओळीत, "स्ट्रक्चर व इतर साहित्य". ती ओळ फोडून मागा. जो फोडून देत नाही त्याला चहा पाजून पाठवा.

आमच्याकडे पहिल्या दोघांनी वर चढून न बघताच सांगितलं की पत्र्यावरच रेल मारू, रबर वॉशर लावून स्क्रू, एका दिवसात काम. ज्याला काम दिलं तो वर गेला, शेडच्या पाईपवर हाताने ठोकून बघितलं, जोडावर वेल्डिंगपाशी गंज नखाने खरवडला, त्याचा पापुद्रा निघून हातात आला आणि म्हणाला, "दादा, हा पाईप पत्र्यापुरता आहे. सहा पॅनलचं वजन पावणेदोनशे किलो, ते घेईल तो. पण वारा घेणार नाही." आणि हे बोलणं मला पटलं कारण आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी बघितलंय, पलीकडच्या वाडीतला पत्रा आमच्या काजूत येऊन अडकला होता. पॅनल तिरकं उभं असतं, वारा खालून शिरला की ते वर उचललं जातं, त्यामुळे प्रश्न वजन पेलण्याचा नाही, धरून ठेवण्याचा आहे.

मग काय केलं तर तेवढ्या भागातला पत्रा काढला आणि स्लॅबवरून स्वतंत्र स्ट्रक्चर उभं केलं. हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड, जस्ताचा थर 80 मायक्रॉन. हॉट डिप हा शब्द लक्षात ठेवा, कारण "जीआय स्ट्रक्चर आहे साहेब" म्हणून जे दाखवतात ते बऱ्याचदा आधीच पातळ मुलामा दिलेल्या पट्ट्या कापून जोडलेलं असतं, कापलेल्या टोकाला मुलामा नसतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. हॉट डिपमध्ये कापून, भोकं पाडून झालेला अख्खा भाग वितळलेल्या जस्तात बुडवतात. नटबोल्ट स्टेनलेस, खांबाच्या पायात केमिकल अँकर आणि वर काँक्रीटचे ठोकळे. उतार देताना त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली, आपल्या अक्षांशाला अठराच्या आसपास अंश लागतात, त्याने बारा ठेवले, म्हणाला विजेत नावाला फरक पडेल पण वाऱ्याला पकडायला कमी मिळेल. उंचीही बेताचीच. आईला खाली कपडे वाळत घालता येतील एवढी उंची हवी होती, ती मिळाली नाही, तिने त्यावरून अजून मला सोडलेलं नाही. पत्रा काढलेल्या जागी स्लॅबला वॉटरप्रूफिंग वेगळं करावं लागलं, तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, धरून चाला.

अर्थिंगचं तर काय सांगू. तीन वेगळी अर्थिंग लागतात, पॅनलच्या डीसी बाजूचं एक, घराच्या एसी बाजूचं एक आणि वीजरोधकाचं, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचं, एक. आमच्याकडे दीड फुटाखाली जांभा लागतो. पोरं पहारीने ठोकून ठोकून दमली, पहिला खड्डा झाल्यावर त्यांचा म्होरक्या हळूच म्हणाला की तिन्ही वायरी ह्याच्यातच सोडल्या तर चालतंय, सगळे तसंच करतात. बाबा खुर्ची टाकून समोरच बसले होते, रिटायर्ड शिक्षक, त्यांनी काही न बोलता कोटेशनचा कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तीन खड्डे झाले. त्यात केमिकल पावडर घालून मीटरने रेझिस्टन्स मोजून दाखवला, 5 ओहमच्या आत. दसऱ्याच्या आसपास जो परतीचा पाऊस कडकडाट करत येतो त्यात एकाच खड्ड्यातल्या तीन वायरी म्हणजे वीज वीजरोधकावर पडली तर तिला सोलरच्या इन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रापर्यंत, आपणच रस्ता करून दिल्यासारखं आहे.

झाडांचं भांडण सगळ्यांच्या घरी होतं, आमच्याकडेही झालं. दक्षिणेला दोन माड, दुपारी तीननंतर एकाची सावली शेवटच्या दोन पॅनलवर येते. एका पॅनलवर सावली पडली की त्या माळेतल्या बाकीच्या पॅनलचंही उत्पादन ओढलं जातं, आत बायपास डायोड असतात म्हणून सगळं शून्य होत नाही एवढंच. एकाने त्यासाठी मायक्रो इन्व्हर्टर सुचवले, प्रत्येक पॅनलला स्वतंत्र, चांगली गोष्ट आहे पण किंमत ऐकून आम्ही परत माडाकडे बघायला लागलो. आई म्हणाली माड तोडायचा असेल तर आधी मला पुण्याला नेऊन सोडा. माड आहे. झावळ्या आणि नारळ मात्र वेळच्या वेळी उतरवून घेतो, कारण नारळ पडून काच फुटली तर ते वॉरंटीत येत नाही, 25 वर्षांची वॉरंटी म्हणतात ती वीज किती देईल याची असते, नारळाची नाही.

आता सगळ्यात जास्त लोकांची फसगत होते तो मुद्दा. साध्या ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला (बाहेरच्या वीजलाईनला) जोडलेल्या सिस्टीममध्ये लाईट गेली की सोलरही बंद. कडक ऊन, वर पॅनल तापलेली, आणि घरात पंखा नाही. हे मुद्दामच तसं केलेलं असतं, तुमची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. कोकणात पावसाळ्यात लाईट किती आणि कशी जाते हे मी सांगायला नको. त्यामुळे गावातले निम्मे लोक "सोलर लावलं म्हणजे लाईट जायची कटकट संपली" या समजुतीत पैसे भरतात आणि विकणारा ती समजूत दुरुस्त करत नाही, माझे दोन मार्क तिथेच कापले गेलेत. कटकट संपवायची तर हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, पाचेक युनिट साठवणारी, आम्हाला त्याचे लाखाच्या वर जादा सांगितले आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही. आम्ही नाही घेतली. घरात आधीचा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी आहेच, दिवे, पंखे, वायफाय त्यावर निघतं, पंप लाईट आल्यावर. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, मशीन चालतं, किंवा होमस्टे आहे त्यांनी मात्र हायब्रिडच बघावं, तिथे हिशोब बिलाचा नसतो.

एक अडचण आमच्याकडे आली ती लिहितो कारण गावाकडे लाईनच्या टोकाला घर असलं की ही येतेच. सुरुवातीच्या महिन्यात भर दुपारी उत्पादन अचानक शून्य, दहा मिनिटांनी परत सुरू, परत शून्य. ॲपवर लाल अक्षरात ग्रिड ओव्हर व्होल्टेज. दुपारी गावात वापर नसतो, लाईनचं व्होल्टेज तसंही चढलेलं असतं, त्यात आपण वीज ढकलायला लागलो की आपल्या टोकाला ते आणखी चढतं, 260 च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर हात वर करतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या कॉल सेंटरला हे मी कसं समजावलं असतं देव जाणे. आमचा माणूस आला, मीटर पुढच्या पडवीत आणि इन्व्हर्टर मागच्या खोलीत असल्यामुळे केबल लांब पडत होती, त्याने ती 4 स्क्वेअर मिलिमीटरची काढून 10 स्क्वेअरची जाड तांब्याची टाकली, पैसे घेतले नाहीत, म्हणाला माझंच मोजमाप चुकलं. ट्रिप होणं जवळपास थांबलं. साडेचार मार्क ह्यासाठी. अर्धा कापला कारण यायला आठवडा लावला आणि मधल्या काळात रोज "उद्या येतो".

उत्पादन एप्रिलमध्ये रोज तेरा-चौदा युनिट, जुलैत चार-पाच, आणि असेही दिवस गेले की दिवसभरात दोन. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो पण वर्षाचा हिशोब बघायचा असतो. नेट मीटरमध्ये, म्हणजे आपण घेतलेली आणि लाईनला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात आणि आर्थिक वर्ष संपताना, म्हणजे 31 मार्चला खातं बंद होतं, उरलेल्याचे पैसे देतात पण तो दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. हे आपल्या ऋतूंना बरं जुळतं. एप्रिल-मेची शिल्लक जून-जुलैत खर्ची पडते, आणि दिवाळीनंतर जे जमतं ते मार्चच्या आत वापरून टाकायचं, आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅस जवळजवळ बंद ठेवून इंडक्शनवर स्वयंपाक केला. आईच्या मते इंडक्शनवरची भाकरी म्हणजे भाकरीचा अपमान आहे, ती अजून चुलीवरच होते.

बिल शून्य येतं का? नाही. स्थिर आकार राहतो, त्यावरचं वीज शुल्क राहतं, युनिट शून्य असली तरी थोडेफार रुपये भरावेच लागतात. "झिरो बिल" लिहिलेली पाटी घेऊन फिरणाऱ्यांना हे विचारा, मजा येते.

धुणं म्हणाल तर पावसाळ्यात काही करावं लागत नाही, फक्त खालच्या चौकटीपाशी पाणी साचून शेवाळ धरतं ते काढायचं. जानेवारीपासून मात्र तांबडी धूळ बसते, पंधरा दिवसांनी सकाळी लवकर नुसत्या पाण्याने, मऊ ब्रशने. दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी मारू नका.

मामेभावाचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, तो माझं बघून उत्साहात आला होता म्हणून धंदेवाल्यांसाठी चार ओळी. ही सबसिडी फक्त घरगुती जोडणीला आहे, धंद्याच्या मीटरला नाही. पण त्याने घेतलं तेव्हा त्याला डीसीआर पॅनलची सक्ती नव्हती त्यामुळे पॅनल स्वस्त पडली, आयकरात पहिल्या वर्षी 40 टक्के घसारा धरता येतो, आणि त्याचा वापरच दिवसा आहे, त्यामुळे त्याचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला बसला. फक्त काजूचा हंगाम मार्च ते मे, आणि बाकी वर्ष कारखाना अर्धा झोपलेला, म्हणून त्याने हंगामाच्या वापरावर न जाता निम्म्या क्षमतेचंच घेतलं. सीएला विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

आत्ता घेणाऱ्यांसाठी आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. जुनी कोटेशनं फिरवणारे अजून आहेत, तारीख बघा. कर्ज हवं असेल तर राष्ट्रीयीकृत बँका 3 किलोवॅटपर्यंत विनातारण देतात, वैयक्तिक कर्जाच्या व्याजाने घेऊ नका.

योजनेच्या करारात पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडे असते. सहाव्या वर्षापासून वर्षाला किती घेणार हे आम्ही शेवटचा हप्ता द्यायच्या आधी त्याच करारामागे लिहून घेतलं. तो "तेव्हाचं तेव्हा बघू ना दादा" म्हणत होता, बाबांनी पेन पुढे केलं.